बगळ्यामागे जाऊ नका, सुकतीची वेळ गाठा

प्रश्न विचारणारे वाचक फोंड्याचे आहेत. त्यांनी नवी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स घेतली आहे, सुट्टीच्या सकाळी ते करमळीच्या तळ्यावर जातात, आणि हाती येतात ते उडून चाललेल्या बगळ्यांचे पाठमोरे फोटो. पांढऱ्या बगळ्यांच्या अंगावर पिसाची एक रेषही उमटत नाही. मासा पकडण्याचा क्षण अजून मिळालेला नाही. त्यांनी मुख्यतः दोन गोष्टी विचारल्या आहेत: एका जागी किती वेळ बसायचं, आणि बसूनही बगळा आलाच नाही तर काय करायचं? जूननंतर कुठे जावं, हेही विचारलं आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. बगळा आला नाही की आपण जागा बदलतो. पण बहुतेक वेळा जागा बरोबर असते, वेळ चुकलेली असते. बगळा पाण्याच्या पातळीवर चालतो. राखी बगळा फूटभर पाण्यातही उभा राहतो, लहान बगळ्याला वीतभर पाणी पुरतं, वंचक, म्हणजे तळ्याकाठचा मातकट छोटा बगळा, तर काठावरूनच मान लांबवतो. पाणी ज्याच्या त्याच्या मापाला उतरलं की मासे ओघळांत आणि खळग्यांत अडकतात, आणि तिथे तो येतोच. तुम्ही त्याच्या आधी तिथे बसलेले असलात तर तो तुमच्याकडे येतो. तो आल्यावर तुम्ही निघालात तर तो तुमच्यापासून दूर जातो. बगळ्यांच्या फोटोग्राफीतला निम्मा फरक एवढ्यातच आहे, आणि त्यासाठी लेन्स बदलावी लागत नाही.

आता वेळ कशी काढायची ते. गोव्याच्या नद्यांत समुद्राचं पाणी बरंच आतपर्यंत चढतं. दिवसातून दोन भरत्या आणि दोन सुकत्या, म्हणजे ओहोट्या, होतात, आणि त्यांची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच, पहिला अंदाज तिच्यावरून येतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास मुरगावला भरती दुपारच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे तीन वाजता पाणी चांगलं उतरू लागलेलं असतं आणि सूर्य कलताना गाळ उघडा पडतो. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे जातं. खाडीवर बसायला या संध्याकाळींसारखा वेळ नाही. अष्टमीच्या आसपास उलट होतं: भरती पहाटे येऊन गेलेली असते आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात पाणी उतरत असतं. पण ते भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीचं पाणी, फार मागे जात नाही, त्यामुळे मोठ्या खाडीपेक्षा लहान ओहोळ आणि खारफुटीच्या कडा पाहाव्यात.

कोकणात तिथीला तीनने गुणून चारने भागायचा हिशोब सांगतात. तो मुंबईकडच्या किनाऱ्यासाठी आहे, आपल्याकडे भरती त्याआधी येते. म्हणून नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर पाहा आणि मांडवी किंवा जुवारीतून जितके आत जाल तितका उशीर धरा. तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये पातळीही दिलेली असते, तीही वाचा. दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या नसतात, एकीत पाणी दुसरीपेक्षा जास्त उतरतं, आणि आदल्या दिवशी बगळ्यांनी भरलेला गाळ आज पाण्याखालीच राहिला तर त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

तर किती वेळ बसायचं? खाडीवर सुकती पूर्ण होण्याच्या दोन तास आधी जाऊन बसा आणि पाणी परत चढून बगळ्याचे पाय भिजू लागले की उठा. हे साधारण तीन तास झाले. यापेक्षा जास्त बसण्यात हशील नाही, यापेक्षा कमी बसलात तर मधला सगळ्यात चांगला भाग हुकतो.

खाजनांमध्ये हे सगळं आणखी स्वच्छ दिसतं. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध, आत पाणी खेळवणारी पोय, आणि नदीकडच्या तोंडाशी मानस, म्हणजे दारं असलेली मोरी. मानशीच्या दारांची रचना अशी की भरतीच्या पाण्याचा दाबच दार मिटवतो आणि सुकतीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर शेवटे, सुंगटं (कोळंबी), बारीक कालुंदरं अशी मासळी वाहत येते. दार उघडायच्या वेळी मानशीच्या भिंतीवर, खांबांवर, खालच्या दगडांवर बगळे आधीच येऊन उभे असतात. मोठे बगळे पुढे, लहान बगळे कडेला, एखादा वंचक दगडाच्या सावलीत. चोडण, दिवाडी, आगशीकडचा भाग, कुंभारजुवेच्या कालव्याच्या दोन्ही बाजू, जिथे चालू स्थितीतली मानस आहे तिथे हे दृश्य आहे. एक गोष्ट मात्र पाळा. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात घेतलेला असतो. जाळं लावणाऱ्या माणसाला आधी भेटा, विचारा, त्याच्या वाटेत तिपाई रोवू नका. त्याला पाण्याची जेवढी जाण असते तेवढी कुठल्याही तक्त्याला नसते, आणि कोणता बगळा रोज कोणत्या दगडावर येतो हेही त्याला ठाऊक असतं. पागेर (फेकायचं जाळं) टाकणाऱ्या माणसाच्या दहा पावलांवर बगळे निवांत शिकार करतात, कारण तो माणूस त्यांच्या ओळखीचा असतो. त्याच्या शेजारी खाली बसून राहिलात तर थोड्या वेळाने तुम्हालाही ती सवलत मिळते.

करमळीच्या तळ्याला भरती-ओहोटीचा हिशोब लागू नाही. ते गोड्या पाण्याचं तळं आहे, तिथे ऋतू पाहायचा. पावसानंतर ते काठोकाठ असतं, बगळे लांब कडांना विखुरलेले असतात, आणि ६०० मिलिमीटरमधूनही ते ठिपक्याएवढेच दिसतात. तुमची अडचण मुख्यतः ही आहे. पाणी जसजसं आटतं तसतसं ते मध्याकडे सरकतं आणि बगळे एकवटतात, म्हणून जानेवारीपासून पुढचे महिने तिथे जास्त फळाचे. जांभळा बगळा मात्र करमळीला ऑक्टोबरपासूनच शोधावा. तो उघड्यावर फारसा येत नाही, कमळांच्या आणि उंच गवताच्या कडेशी तिरकी मान करून उभा राहतो. नजर वाळलेल्या देठांवरून फिरवा आणि ज्या देठाला डोळा आहे तिथे थांबा. कुडचड्याजवळचं नंदा तळं, २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेलं गोव्यातलं पहिलं पाणथळ, करमळीसारखंच आहे: पाणी अडवलेलं असताना आणि सोडल्यावर तिथलं चित्र पूर्ण वेगळं असतं. तुम्ही फोंड्यात राहता, तर दक्षिणेकडचं हे तळं आणि कुडतरीकडची तळी तुम्हाला फार लांब नाहीत. एकाच तळ्यावर वर्षभर जाण्यापेक्षा पाण्याबरोबर फिरा.

बसण्याची रीत. बांधाच्या माथ्यावर उभा असलेला माणूस आकाशावर ठळक उमटतो, बगळ्याला तो दोनशे पावलांवरूनही दिसतो. म्हणून माथ्यावरून थोडं खाली, उतारावर बसा, पाठीमागे झुडूप किंवा बांधच असू द्या. कपडे मळखाऊ रंगाचे, टोपी काठाची. हलक्या आवाजात बोललेलं चालतं, हात लांब करून बोट दाखवलेलं चालत नाही. लेन्स वर न्यायची ती सावकाश, आणि शक्यतो बगळ्याचं डोकं खाली असताना. बीनबॅग जमिनीवर ठेवून लेन्स बगळ्याच्या डोळ्याच्या उंचीला आणलीत तर मागची खारफुटी दूर जाऊन विरघळते आणि पक्षी पाण्यातून उभा राहिल्यासारखा दिसतो. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत पाठीमागे नुसता गाळ येतो. चोडण-दिवाडीच्या अरुंद रस्त्यांवर गाडीच्या खिडकीतून काढलेलेही चांगले येतात. गाडीला बगळे घाबरत नाहीत, गाडीतून उतरलेल्या माणसाला घाबरतात.

पाण्यात उतरू नका. हे कळकळीने सांगतो. कुंभारजुवेच्या कालव्यात आणि आसपासच्या खाजनांत मगरी आहेत, खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून मांगे थापणी करतात ती उगाच नाही. तिथल्या शेतकऱ्याने मगरीशी ठरवून घेतलेलं अंतर आहे, आपणही ते राखावं. शिवाय खाडीचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि कमरेपर्यंत आत घेतो.

आता बगळ्याकडे बघायला शिकण्याबद्दल, कारण बसणं म्हणजे वाट पाहणं एवढंच नाही. बगळा प्रत्येक झडपेआधी काहीतरी सांगतो. राखी बगळा बराच वेळ मान उभी ठेवून नुसता उभा असतो, तेव्हा बटणावरचं बोट काढून हात मोकळा ठेवा. मग तो मान पुढे झुकवतो, अंग आडवं होत जातं, वजन पुढच्या पायावर येतं. डोकं किंचित एका बाजूला कलतं. मान हळूहळू मागे ओढली जाऊन तिचा वाक अधिक आवळला जातो. हा आवळ म्हणजे धनुष्याची ओढलेली दोरी. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका लांब असतो, त्यामुळेच तिथे ती खटकन मोडल्यासारखी दिसते आणि त्यामुळेच ती इतक्या वेगाने सुटते. आवळ आला की श्वास रोखा आणि बटण अर्धं दाबा. काही वेळा तो आवळ सोडून परत सरळ होतो. होऊ द्या.

प्रत्येक जातीची पद्धत वेगळी, आणि तुमची तयारीही त्याप्रमाणे बदलली पाहिजे. लहान बगळा पिवळ्या पावलाने गाळ ढवळतो, पाय थरथरवतो, आणि दचकून पळालेल्या माशावर तुटून पडतो. तो सतत चालत असतो, त्याच्यासाठी हाताने धरलेला कॅमेराच बरा. समुद्री बगळा, मिरामारच्या किंवा आग्वादच्या खडकांवर दिसणारा राखाडी-काळसर, गळ्याला पांढरा डाग असलेला, लाटेच्या मागे धावतो, थबकतो, पंख अर्धे उघडतो. याच्याबद्दल प्रयोगांतून दिसलेली एक गोष्ट मला फार आवडते: पाण्यातला मासा वाकलेल्या प्रकाशामुळे जिथे भासतो तिथे तो चोच मारत नाही, मासा खरोखर असतो तिथे मारतो. झडपेआधी डोकं पुढे-मागे, वर-खाली नेतो ती त्याचीच जुळणी असावी असं बघताना जाणवतं. हिरवा बगळा खारफुटीच्या मुळावर पाय दुमडून इतका खाली बसतो की पोट पाण्याला टेकेल. तो अर्धा तास हलणार नाही आणि मग निमिषात सगळं आटोपेल. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात होडीने गेलात तर उजव्या-डाव्या मुळांवर, पाण्यापासून हातभर उंचीवर याला शोधा. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन लांबच बंद करायचं आणि ओढीबरोबर वाहत जायचं. रातबगळे दिवसा दाट झाडीत झोपतात आणि संध्याकाळी "क्वॉक" करत निघतात. पणजीत रुआ द ओरेमच्या कडेच्या खाडीवर दिवेलागणीला तो आवाज ऐकू येतो. फोटोपेक्षा तो ऐकण्याचा पक्षी आहे, असं माझं मत.

वंचकाला लोक दुर्लक्षितात. प्रत्येक तळीवर, प्रत्येक गटाराच्या कडेला असतो म्हणून. नवशिक्याने शिकायचं ते याच्यावरच. तो माणसाला सर्वांत जवळ येऊ देतो, तासन्‌तास एका जागी राहतो, आणि मातकट रेघांचा पक्षी उडताना एकदम पांढरा होतो, तो क्षण पकडायला शिकलात की मोठ्या बगळ्यांचं उडणं सोपं जातं. एप्रिल-मे मध्ये त्याची पाठ तपकिरी-जांभळी होते, डोक्यामागे लांब तुरा येतो, आणि तोच पक्षी ओळखू येत नाही. घराजवळच्या तळीवर त्याच्यासोबत एक हंगाम घालवा.

वारा आणि उजेड यांचं गोव्यात छान जमतं, आणि याचा फायदा फार थोडे लोक घेतात. पावसाळा सोडला तर सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो, आणि दुपारनंतर समुद्रावरून, पश्चिमेकडून. बगळा उडतो तो वाऱ्याला तोंड देऊन, उतरतोही तसाच. म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी घेऊन तुम्ही पाण्याच्या पूर्वेला बसलात तर उठणारा बगळा वाऱ्यावर तुमच्याच दिशेने येतो, चेहऱ्यावर उजेड घेऊन. संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर बसा, तेच घडतं. तुमचे सगळे फोटो पाठमोरे येतात याचं एक कारण घाई, दुसरं हेच: तुम्ही बहुधा चुकीच्या काठावर आहात. उडण्याआधीची खूणही असते. पिसं चापून बसतात, मान वर येते, बऱ्याचदा शीट टाकतो, मग पाय वाकवतो. शीट टाकली की कॅमेरा डोळ्याला असला पाहिजे.

मान ताठ उभी, शिकार थांबलेली, एकेक पाऊल तुमच्यापासून दूर, ही मात्र दुसरी खूण आहे. तो तुम्हाला घाबरला आहे. त्या क्षणी पुढे सरकू नका, लेन्सही रोखून धरू नका. नजर दुसरीकडे वळवा, मान खाली घालून बसा. त्याने परत पाण्याकडे पाहिलं की तुमचं काम सुरू. आणि जवळ जायचंच असेल तर सरळ रेषेत कधीच नाही. तिरकं, थांबत थांबत, त्याच्याकडे न जाता त्याच्या पलीकडे कुठेतरी चालल्यासारखं. "उडतानाचा" फोटो हवा म्हणून खडा मारणारे मी तळ्यांवर पाहिले आहेत. त्या पक्ष्याची त्या सुकतीची शिकार तिथे संपते, आणि पुढची सुकती बारा तासांनी. मासे टाकून बगळा जवळ आणणं हेही मला तितकंच अमान्य आहे.

पांढऱ्या पिसांबद्दल. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळी चौकट सरासरीने मोजतो. मागे गडद खारफुटी असेल तर तो चौकट उजळवतो आणि बगळा जळून जातो, म्हणजे पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. तुमच्या फोटोंत हेच झालं आहे. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते सव्वा-दीड स्टॉप खाली घ्या. उलट बगळा चमकत्या पाण्यावर किंवा ढगाळ आकाशावर असेल तर वर न्यावं लागतं. प्रत्येक वेळी हिशोब करण्यापेक्षा मॅन्युअलवर या, मला तोच रस्ता पसंत आहे. उजेड बदलत नाही तोवर पांढरा बगळा पांढराच आहे, पार्श्वभूमी काहीही असो. भर उन्हात एफ/६.३, १/२५०० सेकंद आणि आयएसओ २५०च्या आसपासपासून सुरुवात करा, सकाळ-संध्याकाळच्या उन्हात आयएसओ ६४०-८०० लागेल. मग जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू ठेवा आणि छातीच्या पिसांवर लुकलुक थांबेपर्यंत आयएसओ खाली आणा. रॉमध्ये काढा. सावलीतली खारफुटी काळी आली तरी चालेल, ती नंतर उजळते, जळलेलं पीस परत येत नाही. जांभळा बगळा किंवा समुद्री बगळ्याचा काळसर प्रकार समोर आला की मात्र एक स्टॉप वर जायला विसरू नका. आणि साडेनऊ-दहानंतर मिठागरांवर, उघड्या गाळावर हवा थरथरू लागते. तेव्हा दूरचा कुठलाच फोटो धारदार येत नाही, दोष लेन्सचा नसतो. तेवढा वेळ दुर्बिणीतून बघा.

मासा पकडण्याच्या फोटोबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे चोच पाण्यात घुसतानाच्या क्षणामागे असतात. त्या फोटोत डोकं पाण्याखाली असतं आणि वर नुसता फवारा. खरी गोष्ट त्यानंतर घडते: चोच वर येते, पाणी गळतं, मासा आडवा तडफडत असतो. मग बगळा त्याला झटके देऊन फिरवतो, डोकं आधी घशात जाईल असा, म्हणजे पर आणि काटे उलटे अडकत नाहीत. मोठा शेवटो असेल तर हे बरेच सेकंद चालतं. गिळल्यावर मानेवरून एक फुगवटा उतरताना दिसतो, आणि पुष्कळदा तो नंतर पाण्याचा घोट घेतो. या सगळ्याला १/२००० पुरतं, झडपेलाच हवं असेल तर १/३२०० आणि वर. तुमच्या कॅमेऱ्यात बटण पूर्ण दाबण्याआधीच्या चौकटी साठवणारी सोय असेल तर झडपेसाठी ती वापराच, माणसाचा हात तिथे नेहमी उशिरा पोचतो. फोकसचा छोटा चौकोन डोळ्यावर किंवा मानेच्या बुडाशी ठेवा, चोचीवर नको. डोळा आपोआप शोधणारी सोय पाण्याच्या लहरींवर आणि पुढच्या गवतावर घसरते, तेव्हा ती बंद करून एकाच बिंदूवर या. आणि ६०० मिलिमीटरचा मोह आवरा. मिटलेली मान उघडली की बगळा समोरच्या बाजूला मानेएवढा लांब होतो. चौकटीत तेवढी जागा आधीच सोडलेली नसेल तर ऐनवेळी चोच कापली जाते. झूम मागे ओढून ४००वर या, खाली प्रतिबिंबालाही जागा मिळेल.

पांढरे बगळे एकमेकांपासून वेगळे ओळखायचे असतील तर उंचीवर जाऊ नका, एकटा असताना ती फसवते. चोचीची फट पाहा. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी पावलं म्हणजे लहान बगळा. चोचीच्या रंगावर एकट्याने विसंबू नये, विणीच्या दिवसांत मोठ्या बगळ्याची पिवळी चोच काळी होते. गाय बगळा नांगरटीत ट्रॅक्टरमागे, म्हशींमागे दिसेल, मान आखूड, चोच पिवळी, आणि विणीच्या काळात डोक्या-पाठीवर केशरी छटा.

उपकरणांचं थोडक्यात. खारी हवा धातू आणि स्क्रू खाते. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने लेन्सचं बाहेरचं अंग, तिपाईचे पाय पुसा, मग कोरडं फडकं. काचेला मिठाचे कण असताना पुसू नका, आधी ब्लोअरने उडवा, नाहीतर ओरखडे पडतात. एसी गाडीतून लेन्स थेट दमट हवेत काढलीत की काचेवर धुकं धरतं आणि पहिली वीस मिनिटं वाया जातात, म्हणून पोचण्याआधी एसी बंद करून खिडक्या उघडा. पावसाळ्यात डबा हवाबंद आणि आत सिलिका जेल.

शेवटी पावसाळ्याबद्दल, कारण तुम्ही जूननंतर कुठे जावं हेही विचारलं आहे. वंचक, रातबगळे, लहान आणि मध्यम बगळे पावसात घरटी करतात, पुष्कळदा गावातल्याच मोठ्या वडावर, पिंपळावर, रेन ट्रीवर, एकत्र. तुरे, पाठीवरची जाळीदार पिसं, चेहऱ्याचे बदललेले रंग, सगळं याच दिवसांत असतं, म्हणून मोह मोठा. घरट्यांच्या झाडाखाली जाऊ नका. आई-बाप उठले की कावळे आणि घारी अंड्यांवर येतात, आणि थोडी मोठी झालेली पिल्लं घाबरून फांदीवरून खाली पडतात. समोरच्या गच्चीवरून, रस्त्याच्या पलीकडून, गाडीतून काढा आणि लवकर आटोपा. ड्रोन नको. झाड कुठे आहे ते फोटोबरोबर जाहीर करू नका.

त्या फोटोंचा एक उपयोग मात्र जरूर करा. खाली पडणाऱ्या विष्ठेमुळे आणि वासामुळे अशी झाडं तोडायची मागणी दरवर्षी कुठे ना कुठे होते, आणि ती पावसातच होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरटी आणि अंडी यांनाही संरक्षण आहे, आणि गोव्यात १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. घरटी रिकामी होईपर्यंत छाटणी थांबवा, एवढी मागणी घेऊन वनखात्याकडे गेलं तर सोबत पुरावा लागतो. म्हणून घरट्यांच्या प्रत्येक फोटोवर तारीख, झाडाची जात, बगळ्याची जात आणि दिसलेल्या घरट्यांची संख्या लिहून ठेवा, आणि पिल्लं घरटी सोडून उडू लागेपर्यंत दर आठवड्याला त्याच जागेवरून एक फोटो काढा.